माळढोकाची गणती

"चला वहिनी, जिंकलो आपण!" दिवस कलताना रिकाम्या माळाकडे पाहत बिरू म्हणाला.

माळढोकाचं अभयारण्य म्हणून गावाला पक्का रस्ता मिळत नव्हता. पक्षीच उरला नाही तर अभयारण्य कशाला, असं म्हणत बिरूच्या वहिनी, सरपंच सुलाबाई कोळेकर, वर्षभर भांडत होत्या. म्हणूनच आजच्या गणतीला त्या मुद्दाम हजर होत्या.

हिरमुसलेला वनरक्षक दुर्बीण आवरू लागला, तेवढ्यात त्याच्या पाठीमागं गवत हललं. कमरेएवढा उंच पक्षी, पांढरीशुभ्र मान ताठ, डोक्यावर काळी टोपी, रुबाबात डुलत बाहेर आला.

सुलाबाईंच्या अंगावर काटा आला. "माळढोक! ओ साहेब, मागं बघा, माळढोक!" त्या टाळ्या पिटत ओरडल्या. पक्षी थोरले पंख पसरून उडाला आणि सगळ्यांनी तो डोळे भरून पाहिला.

"गप्प बसायचं की, वहिनी!" बिरू कळवळला. "गेला आता रस्ता."

"रस्त्यासाठी उद्यापास्नं पुन्हा भांडीन, भावजी," त्या धापा टाकत हसल्या. "पण असला देखणा पाहुणा दारात आल्यावर, कोणी आलंच नाही असं कसं सांगू?"