न उगवलेला मंगळवार

सौदा मेकॅनिकला फायद्याचा वाटला होता. बारा हजार किलोमीटर, पंधरा तास विमानात अंग आखडून बसायचं, समुद्रापलीकडच्या कारखान्यातलं बंद मशीन सुरू करून द्यायचं आणि परतल्यावर शिल्लक असलेली पाचही दिवसांची रजा एकदम घ्यायची. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. पाच दिवस जवळ माणूस हवंच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मशीन सुरू झालं. रजा मात्र चारच दिवस मंजूर झाली.

"मंगळवारी तुम्ही इथेही नव्हता नि तिथेही नव्हता," हजेरीवाल्या बाई म्हणाल्या. "खाडा धरून रजेतून कापलाय."

"अहो ताई, सोमवारी रात्री निघालो आणि उतरलो तो बुधवारी सकाळी! वाटेत समुद्रात वाररेषा लागते, ती ओलांडली की तारीख एक दिवस पुढे उडी मारते. माझ्या वाट्याला मंगळवार आलाच नाही."

"असा कसा? आम्हा सगळ्यांना आला की!"

"बरं, मग येताना तीच रेषा उलटी ओलांडली, तो शुक्रवार दोनदा धरा. तिकडे सकाळी मशीनची चाचणी देऊन निघालो, इथे उतरलो तर पुन्हा शुक्रवारचीच सकाळ. तसाच कामावर आलो."

बाईंनी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. "दुसऱ्या शुक्रवारचा रकाना दाखवा, आत्ता सही करते."

पाचव्या दिवशी मेकॅनिकची हजेरी वेळेवर लागली. त्याच वेळी घरी आई भिंत धरून बाथरूमकडे निघाली होती. अंतर बारा पावलांचं. सातव्या पावलाला ती खाली बसली. न उगवलेल्या मंगळवाराचा भुर्दंड तिने भरला.