पावियाचा निरोप

ग्रीनलंडच्या त्या खाडीतला बर्फ फुटला, तसं पर्यटकांचं जहाज आलं. परत जाताना ते सहा वर्षांच्या पावियाला आणि तिच्या आईवडिलांनाही डेन्मार्कला घेऊन जाणार होतं, कायमचं.

धक्क्यावर म्हातारी दोर्थे पोरीच्या हातात सीलच्या कातड्याचे हातमोजे चढवत करवादली, “टोपी कुठं टाकलीस रे? एक गोष्ट ऐकशील तर शपथ!”

“आजी-नातीचा फोटो घेऊ?” जहाजावरच्या एका बाईनं हौसेनं विचारलं.

“नात नाही, मुलगा आहे त्यांचा,” पावियाची आई हळूच म्हणाली. “सात वर्षांपूर्वी तो याच खाडीत बुडाला, सापडलाच नाही. त्यानंतर गावात पहिली जन्मली ती ही. आमच्यात गेलेल्याचं नाव बाळाला देतात, आणि नावाबरोबर माणूसही परत येतो.”

तेव्हापासून दोर्थेच्या घरी सील कापला, की कलेजीचा पहिला तुकडा पावियाचा असायचा.

भोंगा वाजला. दोर्थेनं पोरीचं तोंड ओंजळीत धरलं.



“पाविया, लेका, मागच्या वेळी न सांगताच गेलास. या वेळी दिसेनासा होईस्तोवर हात हलवत राहा.”