आपल्याकडचे पुरुष

"पुन्हा तेच, लुडिविना? तुझा आमादो न्यूमोनियाने गेला. दाखला मीच लिहिलाय." डॉक्टर कासिमिरोंनी पेजेची वाटी बाजूला सारली.

"हिरड्यांतून रक्त येत होतं, डॉक्टर. अंगभर काळेनिळे डाग. न्यूमोनियात असं होतं?"

डॉक्टरांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे त्यांचा लाडका तक्ता चौकटीत लावला होता. रक्ताच्या कर्करोगाने कुठल्या देशात लाखामागे किती पुरुष मरतात, याचा. थंड मुलखातले देश वर, शेजारचे मध्ये, आपला पार तळाला. तळवे चिकटवायच्या सोल्यूशनच्या वासाने कामगारांना हा रोग होतो, या दाव्याच्या सुनावणीत हाच तक्ता दाखवून त्यांनी बुटांच्या कारखान्याला सोडवलं होतं. कामगारांच्या विधवा हात हलवत परतल्या होत्या.

"आपल्याकडचे पुरुष या रोगाने मरतच नाहीत. सोल्यूशनला उगाच बदनाम करू नकोस. त्याच्या वासावर गाव जेवतं!"

मरतील कसे? दाखल्यावर लिहिलंच नाही तर तक्त्यात येणार कुठून? एवढं तर गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळावं.

आमादोने जन्मभर त्या कारखान्यात बुटांचे तळवे चिकटवले. त्याला पुरलं त्या दिवशी लुडिविनाने शपथ घेतली होती, या माणसाकडून खरं वदवून घेईन, नाहीतर सुखाने मरू देणार नाही. म्हातारपणी डॉक्टर एकटे पडले, तेव्हा तिने आपण होऊन त्यांची चाकरी धरली.

सेवेत मात्र खोट नव्हती. आल्याची गरम पेज, स्वच्छ चादर. डास नकोत म्हणून खिडक्या घट्ट बंद. फावल्या वेळात ती अंगणात बसून सपाता चिकटवायची. गल्लीतली पोरं नशेसाठी सोल्यूशन हुंगतात, म्हणून डबा डॉक्टरांच्या पलंगाखाली ठेवायची.

"नवऱ्याला गिळलेल्या माणसाची एवढी उस्तवार?" शेजारीण सियोनांग तोंड वाकडं करायची. "संत आहेस की खुळी? आणि सपाता होतात चार, सोल्यूशन लागतं डबाभर. पितेस की काय?"

"वरचा बघतोय," एवढंच लुडिविना म्हणायची.

अशी पाच वर्षं गेली. मग डॉक्टर खंगायला लागले. दात घासताना रक्त यायचं. दंडावर डाग उमटले. तपासायला आलेला तरुण डॉक्टर रुएल चाचरत म्हणाला, "सर, रक्त तपासून घेऊ या का?"

"घ्या ना," लुडिविना पुढे झाली. "माझ्या आमादोचं अस्संच झालं होतं."

"गप्प बस!" म्हातारा कडाडला. "रुएल, भिंतीवर काय लिहिलंय, वाचता येतं ना? हे म्हातारपण आहे."

रुएल गेल्यावर ती पलंगाशी बसली. "एकदा सांगा, डॉक्टर. आमादोला काय झालं होतं? एकदाच खरं बोला. मग मी तुम्हाला मोठ्या इस्पितळात नेते."

"न्यूमोनिया," म्हणून डॉक्टरांनी कूस बदलली.

रविवारी ते गेले. रुएलने दाखला लिहायला घेतला, भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं आणि न्यूमोनिया लिहून मोकळा झाला. सियोनांगने लुडिविनाला मिठी मारली. "पोटच्या पोरीने केलं नसतं एवढं केलंस गं!"

माणसं शवपेटी आणायला गेली. लुडिविना खोलीत एकटीच उरली. तिने आधी खिडक्या सताड उघडल्या. मग पलंगाखालून सोल्यूशनचा डबा ओढला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच त्याला झाकण लावलं.