प्लगवरची काजळी

ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला होता. वहिनींचा फोन सकाळीच आला, आणि धाकट्याने शेकायची पिशवी बाजूला सारून हत्यारांची पेटी उचलली.

पेटी आता जड लागायची. गुडघे वाकताना कुरकुरायचे आणि एकदा वाकले की सरळ व्हायला राजी नसायचे. उभा जन्म गवत कापायच्या यंत्रांत आणि बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरांत गेला, आता पुरे कर बाबा, असं तो हल्ली देवाला रोज सांगायचा. देव ऐकत असावा. वहिनी ऐकत नव्हत्या.

आज मात्र तो ठरवूनच निघाला होता. रोपवाटिकेवाल्याशी बोलणं झालं होतं. दुपारी तो गाडी घेऊन येणार आणि हे जुनं धूड घेऊन जाणार. म्हणजे सुटलो. वहिनींच्या तेवढं गळी उतरवलं की झालं.

घरामागच्या शेडमध्ये ट्रॅक्टर उभा होता. मूळचा लाल रंग उडून गुलाबी झालेला, फाटक्या सीटवर फडकं बांधलेलं, पोटाखाली गवत कापायच्या पात्यांचं खोकं. हा थोरल्या भावाचा, दादाचा ट्रॅक्टर. दादाला देवानं गळा गोड दिला, पण कसब देताना मात्र हात आखडता घेतला. यंत्र बंद पडलं की तो शेजारी उभा राहून गुणगुणायचा आणि धाकट्याला बोलावून घ्यायचा. "याला पाना आणि पळी यांतला फरक कळत नाही," असं धाकटा चारचौघांत म्हणायचा. त्यावर सगळ्यांत मोठ्यानं दादाच हसायचा.

आणि यंत्रही मालकासारखंच. धाकट्याची बायको गेली त्या वर्षी तर त्यानं कहर केला होता. माणसाला धड भिंतीकडे तोंड करून पडूही दिलं नाही. जरा डोळा लागतो न लागतो तोच दादाचा फोन यायचा. बंद पडलाय रे, ये जरा. धाकटा शिव्या घालत उठायचा. यायचा, इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून नवा बसवायचा, जुन्याच्या कडेवर कानशीनं एक खाच पाडून तो शेडमधल्या भंगाराच्या डब्यात टाकायचा. खाच अशासाठी, की बाद झालेला प्लग चुकून कुणी परत लावू नये. मग दादाच्या पानाशेजारी बसून जेवायचा आणि घरी जायचा.

दादा गेला, तरी यंत्राची खोड काही गेली नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या. रात्री झोप लागली का, गोळ्या घेतल्या का, याची चौकशी झाली. त्याच्या शर्टाचं बटण तुटलंय हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. "काढून ठेवा, टाके घालून देते." धाकट्यानं नुसतंच हं केलं आणि प्लग खोलला.

प्लग खालपासून वरपर्यंत काळाकुट्ट होता. म्हातारं इंजिन ऑइल पितं आणि प्लगवर काजळी धरते, त्यात नवल नव्हतं. पण बोटावर घेतली तर काजळी कोरडी, भुकटीसारखी. अशा इंजिनाची काजळी तेलकट असते. ही दिव्याची होती. त्यानं मान वर केली. वहिनींनी कप घेण्यासाठी हात पुढे केला होता, आणि त्यांच्या नखांत तोच काळा रंग होता.

तो पालथ्या बादलीवर बसला. राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात बळ लागतं.

"वहिनी, हे तुम्ही केलंत."

वहिनींनी नखं पदराआड नेली.

मग त्यानंच समजुतीनं घेतलं. इतकं मोठं घर, दादा नाही, बोलायला कुणी नाही, हे त्याला कळत होतं. पण त्यासाठी मशीनला आणि त्याच्या गुडघ्यांना छळायचं कशाला? रोपवाटिकेवाला येतोय, हेही त्यानं सांगून टाकलं. "मी थकलोय. तुम्हाला एकटं वाटलं तर नुसतं सांगा. मी तसाही येईन की."

"तसेच याल?"

"येईन म्हणजे येईन."

"मागच्या महिन्यात मशीन छान चालत होतं, भावजी. तेव्हा किती वेळा आलात?"

"बरं वाटत नव्हतं. पडून होतो."

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "हात धुवा. पान वाढते."

फाटकाशी हॉर्न वाजला. रोपवाटिकेवाला वेळेआधीच आला होता. धाकटा गुडघ्यावर हात टेकून उठला. नवा प्लग बसवून दिला की मोकळा. त्याआधी सवयीनं त्यानं जुना प्लग हातात धरला, कानस उचलली आणि कडेवर टेकवली.

कानस घसरली आणि आपोआप एका खाचेत जाऊन बसली.

त्यानं फडकं पेट्रोलमध्ये बुडवलं आणि कड पुसली. एका खाचेशेजारी दुसरी, दुसरीशेजारी तिसरी, अशी सबंध कडेवर ओळ होती. सगळ्या त्याच्याच हातच्या. अलीकडच्या दोनतीन अजून चमकत होत्या. बाकीच्या सगळ्या गंजून गेल्या होत्या. त्या दादाच्या वेळच्या होत्या.

"वहिनी, हा प्लग..."

"भंगारातला तोच काढायचा, आणि खाचा दिसू नयेत म्हणून वर काजळी फासायची. ह्यांनी दाखवून ठेवलं होतं," वहिनी म्हणाल्या. "तेल मिसळायचं मी विसरले वाटतं."

हॉर्न पुन्हा वाजला. वहिनींनी पदराला हात पुसले.

"जायच्या आधी म्हणाले, मशीन धड चाललं तर धाकटा अंथरुणातून उठायचा नाही."