आत्याबाईंचा कागद

"वाच वं," म्हणत प्रयागबाईंनी कनवटीचा कागद काढून सुनेपुढे धरला.

कस्तुराबाईनं घडी उघडली. अक्षरांवरून डोळे फिरवले, सोबत बोटही नेलं आणि रोजच्यासारखं म्हणाली, "स्थिर व्हा, अढळ व्हा."

पोळ्याच्या सुमारास मिशनच्या दवाखान्यातल्या बाई गावात आल्या होत्या. प्रयागबाईंच्या गुडघ्याला मलम देताना त्यांनी बायबलातलं ते वचन वाचलं आणि छापील कागद ठेवून गेल्या. कस्तुराबाईनं ते एकदाच ऐकलं आणि पाठ करून टाकलं. करणार काय? तिला वाचता येत नव्हतं.

घरात हे कोणाला ठाऊक नव्हतं. पाहायला आले तेव्हा तिनं पाटीवर स्वतःचं नाव काढून दाखवलं होतं. मामानं आठ दिवस घोटून घेतलेली तेवढीच अक्षरं. "चौथी पास हाय," असं मामानं ठोकून दिलं आणि शिकलेल्या सुनेसाठी अडून बसलेल्या प्रयागबाई तिथंच विरघळल्या. कळलं तर माहेरी धाडतील, ही भीती तेव्हापासून कस्तुराबाईच्या पोटात होती.

"अढळ म्हंजे कसं वं?" म्हातारी रोज विचारायची.

"खळ्यातल्या तिवड्यासारखं, आत्याबाई. बैल फिरतात त्याच्याभवती. तो नाही हालत."

प्रयागबाई गालात हसायच्या. कागद पुन्हा कनवटीला जायचा. हळदीनं तो पिवळा पडला होता. स्वयंपाकाचे हात लागत असतील, असं सुनेला वाटायचं. दारातली शेळी कागद दिसला की मान लांबवायची. "हो पलीकडे, चटोरे!" म्हणत म्हातारी तिला हाकलायची.

दिवाळीनंतर जगदेव पाटलाच्या वावरात कापसाची पहिली वेचणी लागली; कस्तुराबाईही वेचायला गेली. वावराच्या कडेला धुऱ्यावर पहिल्या कापसाची पूजा, सीतादही, झाली, दही-भाताचा नैवेद्य दाखवला. संध्याकाळी कापूस जमा करताना लक्षात आलं, नैवेद्याची चांदीची वाटी नाही.

"रूपाबाईनं नेली असन. तांड्याचीच तेवढी एक होती," कोणीतरी म्हणालं. रात्र होईस्तोवर गावभर तेच झालं.

दुसऱ्या दिवशी पाटलानं वेचणीच्या बायांना वाड्याच्या ओसरीवर बोलावलं. ठाण्यात द्यायचा तक्रारीचा कागद तयार होता. एकेकीनं अंगठा उठवला. रूपाबाई खाली मातीत बसली होती. कागद ठाण्यात गेला, तर तांड्यातल्या एकाही बाईला पुन्हा कोणी वेचणीला उभं करणार नव्हतं.

"तू शिकलेली, कस्तुरा," पाटील म्हणाला. "तुही सही पाह्यजे. वाच अन् कर."

"तुमीच वाचा न, पाटील."

"वा! चौथी पास तू, अन् वाचू मी?"

बाया खिदळल्या. समोरच प्रयागबाई काठी टेकून बसल्या होत्या. सहीपुरतं स्वतःचं नाव काढलं की सुटका होती. तेवढं तर तिला येत होतं.

कस्तुराबाईनं हातात दिलेला टाक खाली ठेवला.

"मले वाचता येत नाही," ती म्हणाली. "कधीच येत नव्हतं. यात काय लिवलं मले ठाव नाही, मंग सही कशी करू? पण रूपाबाईच्या कंबरेले बांधलेला कापसाचा ओटा काल जमा करतानी म्या सोडला. माह्या हातानं झटकला. त्यात निस्ता कापूस होता. वाटी नव्हती."

अंगठा उठवलेली चतुराबाई पुटपुटली, "म्या तं काहीच पाह्यलं नव्हतं." दुसरी म्हणाली, "म्या बी नाही." पाटलानं कागद चुरगाळला. रूपाबाई उठली, कस्तुराबाईच्या हाताला नुसता हात लावला आणि तांड्याच्या वाटेला लागली.

सासू काठी टेकत घरापर्यंत पुढं पुढं चालली. कस्तुराबाईनं मनातल्या मनात लुगड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं.

ओसरीवर टेकल्या टेकल्या प्रयागबाईंनी कनवट सोडली. "वाच वं."

"आत्याबाई, तुमी आयकलं न आता..." तिला रडू फुटलं. "मिशनच्या बाईचा कागद मले कधीच वाचता..."

"तो तं दुसऱ्याच दिवशी शेळीनं खाल्ला, बाई," प्रयागबाई म्हणाल्या. "पोळ्यापासून मी तुह्या हातात वाण्याच्या हळदीच्या पुडीचा कागद देऊन राह्यली. घे, वाच."