एक मीटर वीस

दोन जमिनी तिने एकमेकींना जोडल्या आणि स्क्रीनवर ते मॉडेल आडवं फिरवलं. कुंपणाच्या अलीकडची जमीन ड्रोनने वरून मोजलेली. पलीकडची तिच्या बाबांनी, पायी फिरून. जिथे दोन्ही गुपचूप जुळायला हव्यात, त्या कुंपणावर सरळ एक मीटर वीसची भिंत उभी. प्रत्यक्षात तिथे बोटभरही उंचवटा नव्हता.

झालं! म्हणजे बाबा चुकले. आणि साहेबांनी तर बजावलं होतं, "तुझ्या शब्दाखातर देतोय हे काम त्यांना. आकडे चुकले तर पुढे नाव काढायचं नाही." चाळीस वर्षं माती तुडवलेला माणूस घरी बसून करणार काय?

तिने इकडेतिकडे पाहिलं. बाबांची सगळीच्या सगळी जमीन एक मीटर वीसने वर उचलली. काम तीन क्लिकचं. भिंत गायब. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

पण पाठवायच्या बटणावर बोट काही टेकेना. याच जमिनीवरून आता नाल्याची उंची ठरणार. बाबांच्या बाजूला चौदा घरं. जमीन कागदावर वर गेली की नालाही वर जाणार, थेट उंबऱ्यांच्याही वर. मग पाणी जाणार कुठे? घरांतच की! तिने मुकाट्याने फोन उचलला.

"बाबा, कुंपणापाशी तुमचं आणि ड्रोनचं जुळत नाहीये. तुम्ही खाली येताय."

"कितीने?"

"एक मीटर वीस."

बाबा म्हणाले, "मका."

"काय?"

"अगं, कुंपणाच्या त्या बाजूला मका उभा होता. दाट, माझ्या छातीला लागेल एवढा. तुमच्या त्या पाखराला वरून माती दिसणार कुठून? शेंडे मोजून गेलं ते. मक्यातून एक पायवाट जाते बघ, कुंपणापर्यंत. ती तपास."

तिने ड्रोनची जमीन जवळ ओढली. होती की! शेताच्या मधोमध एक अरुंद चर. सकाळपासून ती त्याला खड्डा समजत होती. तिने चराच्या तळाशी कर्सर नेला, मग कुंपणापलीकडे बाबांच्या पहिल्या बिंदूवर. दोन्हींत फरक तीन सेंटिमीटरचा.

तिचा जीव भांड्यात पडला. एवढ्या जोरात हसली की शेजारच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन दचकला. हसता हसता डोळे भरून आले ते वेगळंच. बाबांची जमीन तिने परत खाली, होती तिथे ठेवली आणि साहेबांना बोलावलं. ते बराच वेळ त्या पायवाटेकडे बघत राहिले, मान खाजवली, आणि म्हणाले, "मका निघाला की ती बाजूही त्यांनाच मोजायला सांग. नाल्याला दोन दिवस उशीर झाला तर मी बघतो."

तिने पुन्हा फोन लावला, एका दमात सगळं सांगून टाकलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं झालं. येईन मी. पण एक सांग, मघाशी तू माझी जमीन उचलली होतीस ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"लहानपणी कप फोडून आलीस की असाच आवाज यायचा तुझा."

"उचलली होती," ती हळूच म्हणाली. "परत खाली ठेवली."

"अलगद ठेवलीस ना? घरांत माणसं आहेत."