होडीतला तिसरा

दर रविवारी गोकुळदास केरीच्या खाडीत साईशला शिडाची होडी शिकवायचे. होडीत बाप, मुलगा आणि पुढच्या टोकावर पाय रोवून उभा असलेला काजू, म्हणजे घरातला इवलासा टेरियर. धाकटी गौरवी काठावर. काठावरून बघून बघून ती शीड ओढायला शिकली, पण पाण्याखालची खडपं, म्हणजे खडक, काठावरून दिसत नाहीत.

यंदा गावच्या शर्यतीत तिने मामाची होडी उतरवली आणि काजूला उचलून पुढच्या टोकावर ठेवलं.

"गो, कुत्र्याक कशाक घेतलंस?" शेजारच्या होडीतून साईश हसला.

शिट्टी वाजली. शीड टम्म फुगलं. काजू डावीकडे बघून भुंकला. गौरवीने होडी उजवीकडे घेतली. उजवीकडे बघून भुंकला, डावीकडे घेतली. मग तो शेपूट ताठ करून असा केकाटला, की होडी जवळजवळ आडवी होऊनच वळली. मागे साईश काठावरच्या मित्रांना हात हलवून दाखवण्यात दंग होता. त्याची होडी खर्रकन खडपावर घासली आणि अडकली. काठावर नुसत्या आरोळ्या. गौरवी पहिली!

गोकुळदास गुडघाभर पाण्यात धावत आले. "एकूण एक खडप चुकवलंस! तुका ह्या कोणी शिकवल्यान गो?"

"तुमीच, बाबा." गौरवीने भिजलेल्या काजूला छातीशी धरलं. "खडप इला काय 'वळय, वळय' करून साईशाक आराडत होतात ना? शिकवलात तेका. पाठ झाला ह्येका."